चोरखमाऱ्याच्या हरणावरची देवरीची गोचीड

मी एक जुनी गोचीड आहे मित्रांनो, इवल्याशा बाटलीत, स्पिरिटमध्ये बुडालेली. नाक मुरडू नका. एखादा चिकट पाहुणा घरातून हलेना, की तुम्ही माझंच नाव घेता. तेव्हा आपली ओळख जुनीच आहे.

माझा जन्म देवरीच्या जंगलातला. चितळाचं रक्त पिऊन वाढले. काय करणार, आम्हाला दुसरं काही पचतच नाही! आमच्या घराण्याची पाठ काळीभोर. चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या चितळांवर आमचीच जात राहते, पण त्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका. मधून मोठा रस्ता जातो. हरणं तो ओलांडत नाहीत, मग आम्ही कशा ओलांडणार? पिढ्यानपिढ्या दुरावलो आणि आमचं रूप बदललं, आतली जनुकंही बदलली.

रुचिका नावाची मुलगी नेमका हाच अभ्यास करत होती. रस्ता आणखी रुंद होणार होता. हरणं दोन्हीकडे अडकून पडली आहेत हे दाखवता आलं, तर रस्त्याखालून त्यांच्यासाठी वाट ठेवतील, अशी तिला आशा होती.

मोहाच्या दिवसांत ती देवरीला निर्मलाबाई मावशीकडे आली. चोरखमाऱ्याला परतताना मावशीही निघाली, सोबत वाळल्या मोहफुलांचं पोतं. बसमध्ये जागा नव्हती, म्हणून रुचिका पोत्यावरच बसली. मी त्याच पोत्याला चिकटलेली, पोटात कावळे ओरडत होते. गुपचूप तिच्या ओढणीवर चढले. दुसऱ्या दिवशी चोरखमाऱ्याला कुत्र्यांनी एक चितळ जखमी केलं. डॉक्टर मलमपट्टी करत होते आणि रुचिका त्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचत होती. हरणाचा वास येताच मी थेट त्याच्या कानात शिरले. तोंड लावणार, तोच चिमट्यात सापडले. हातातोंडाशी आलेला घास गेला!

माझा एक पाय तपासणीला गेला. जनुकं देवरीची, आणि मी सापडले चोरखमाऱ्याच्या हरणावर. रुचिकाचे मार्गदर्शक इंद्रकुमार सर खूश झाले. म्हणजे हरणं रस्ता ओलांडतात की! जो तो मला भिंगाखाली बघून जाई. मीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू? रुचिका मात्र विचारात पडली. या शोधाने तिचं नाव झालं असतं, पण मग हरणांसाठी वाट कोण ठेवणार?

तिने मला पुन्हा भिंगाखाली घेतलं. पोट सपाट. हरणाच्या अंगावर बसून इतक्या लांब आली, मग ही उपाशी कशी? तिने मावशीला फोन लावला आणि विचारलं, पोत्याला गोचिडी होत्या का.

"काऊन नसतीन? मोह वेचाले गेलं का लागतेतच त्या," मावशी म्हणाली. "मले तं बसमंदीच डसली एक."

ही पोत्यावरून आपल्याच अंगावर चढली असणार, हे रुचिकाला उमगलं. ती उठून सरांकडे गेली.

"सर, ही गोचीड हरणाने नाही आणली. मी आणली, बसमधून. हिला मोजू नका."

सरांनी यादीतून माझी नोंद खोडली. मग त्यांनी माझी बाटली उचलून फळीवर मागे सरकवली. तेव्हापासून मी इथे धूळ खात पडले आहे. वाईट वाटतं हो, पण पोरीचा राग येत नाही. तिच्या जागी दुसरं कुणी असतं, तर माझ्या जिवावर मोठं झालं असतं.

वाट ठेवायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही. मित्रांनो, तोवर त्या रस्त्याने जाल तेव्हा गाडी हळू न्यायला सांगा. मला पलीकडे जायला बस मिळाली. हरणांना कोण बसू देणार?