दोन थरांची डिस्क

न्हावऱ्याच्या विक्रमनं घराच्या माडीवर गाणं ऐकायची खोली बांधली, तेव्हापासून त्याच्याकडे जेवायला जाणं अनिताच्या जिवावर यायचं. विक्रम तिचा धाकटा दीर. दूध संस्थेचा उपाध्यक्ष आणि आवाजातला स्वयंघोषित जाणकार. जेवणं उरकली की पाहुण्यांना वर न्यायचं, मखमल लावलेल्या भिंतींमध्ये बसवायचं, आपलं दीड लाखाचं प्लेअर दाखवायचं आणि डोळे मिटून मान डोलवायची, हा त्याचा शिरस्ता. मान ताल सोडून डोलते हे फक्त अनिताला कळायचं. ती शिरूरच्या शाळेत शिक्षिका होती आणि लहानपणी सात वर्षं व्हायोलिन शिकली होती.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या लेकीनं, राजनंदिनीनं, तिला व्हायोलिनच्या पाच डिस्क पाठवल्या. साध्या सीडी नव्हेत, जास्त बारकावे टिपणाऱ्या हाय-रेझोल्यूशनच्या, एसएसीडी म्हणतात त्या. घरात अँप्लिफायर होता, स्पीकर होते. डिस्क लावायला प्लेअर तेवढं नव्हतं. कुठलं घ्यावं, असा प्रश्न निघाल्यावर नवरा म्हणाला, विक्रमला विचारू. ईश्वर पंखा घ्यायचा झाला तरी विक्रमलाच विचारायचा.

न्हावऱ्याला गेल्यावर विक्रमनं तिची डिस्क आपल्या प्लेअरमध्ये सरकवली आणि खुर्चीत रेलला. "ऐका वहिनी. याला म्हणत्यात हाय-रेझोल्यूशन. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय."

श्वास येत होता, पण तो ईश्वरचा. त्याला डुलकी लागली होती. अनिता समोरच्या काचेवरची हिरवी अक्षरं बघत बसली. तिथं फक्त "सीडी" असं उमटलं होतं. मग विक्रमनं आपला निकाल सांगितला, की लाखाच्या खालचं प्लेअर म्हणजे डबडं, आणि तेवढी ऐपत नसेल तर वहिनींनी आपलं मोबाइलवर ऐकावं, त्यांना फरक तरी काय कळणार. ईश्वरनं जागं होऊन मान हलवली. अनिताला दिराचा राग आला आणि नवऱ्याची कीव आली.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती एकटीच एसटीनं दौंडला गेली. स्टेशनजवळ मेहमूदमामांचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी डिस्क उजेडाकडे धरून तिरकी केली.

"बाई, हिला दोन थर हायेत," ते म्हणाले. "एक साधा सीडीचा, तो कुठलंबी प्लेअर वाचतं. दुसरा बारीक, खरा. तो वाचायची सोय आसंल तरच वाचला जातो. न्हाईतर प्लेअर गुमान साधा थर वाजवतं, आन् ऐकणारा खूश."

अनितानं विचारलं, की वाचला जातोय हे ओळखायचं कसं. मामा म्हणाले, समोरची अक्षरं बघायची. मग तिनं विक्रमच्या प्लेअरचा मॉडेल नंबर सांगितला. तो इतक्यांदा ऐकला होता की पाठच झाला होता. मामांनी मोबाइलवर शोधलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या प्लेअरमध्ये एसएसीडीची सोयच नव्हती. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच थोडी लाज वाटली.

मामांनी फळीवरून सिनेमाच्या डिस्कचं एक जुनं ब्लू-रे प्लेअर काढलं. दिसायला अगदीच गरीब, पण बारीक थर वाचणारं. त्याच्या मागे अँप्लिफायरला जोडायच्या लाल-पांढऱ्या जागाही होत्या. त्या नसत्या तर आवाज बाहेर काढायला आणखी एक डबा घ्यावा लागला असता, असं ते म्हणाले. त्यांनी लेन्स पुसली, डिस्क लावली. काचेवर "एसएसीडी" अशी पूर्ण अक्षरं आली. सहा हजारांत काम झालं.

रविवारी विक्रम शिरूरला आला. प्लेअर पाहूनच त्यानं नाक मुरडलं, आणि दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "आवाज पातळ हाय. जीव न्हाई यात."

"भावजी, तुमचं प्लेअर या डिस्कचा साधा थर वाजवतं," अनिता म्हणाली. "खरा थर त्याला वाचताच येत नाही. त्या दिवशी तुम्ही साधी सीडी ऐकत होता."

विक्रम हसला. वहिनींना कुणीतरी गंडवलं, असं तो ईश्वरला म्हणाला. तिनं त्याच्याच प्लेअरचं माहितीपत्रक मोबाइलवर उघडून त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते वाचलं, चहा अर्धा टाकला आणि डेअरीत मीटिंग आहे म्हणून उठला. रविवारी डेअरीत कधी मीटिंग नसते.

"एवढं महागाचं चुकीचं कसं आसंल?" तो गेल्यावर ईश्वर म्हणाला. अनितानं चहाचे कप उचलले. ज्याला किंमत ऐकू येते, त्याला व्हायोलिन ऐकवून काय उपयोग.

दोन महिन्यांनी न्हावऱ्याला पुन्हा जेवण होतं. सगळे वर जाऊन बसले. विक्रम संस्थेच्या नव्या संचालकांना सांगत होता, की मधे प्लेअरमध्ये थोडा बदल करून घेतला, आता आवाज बघा. मोठं प्लेअर समोरच्या कपाटावर दिवा लावून दिमाखात बसलं होतं, पण त्याच्या काचेवर डिस्क वाजत असल्याचं एकही अक्षर नव्हतं. अनितानं पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जवळून नजर टाकली. त्याच कपाटाच्या खालच्या खणात, अर्धवट लोटलेल्या दाराआड, तिच्याकडे होतं तसलंच जुनं ब्लू-रे प्लेअर चालू होतं. आवाज मात्र खरंच छान येत होता.

विक्रमची आणि तिची नजरानजर झाली. त्यानं लगेच डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली. अनिता जागेवर येऊन बसली आणि शेजारच्या संचालकांना म्हणाली, "खाली वाकून बघा, खूप शिकण्यासारखं आहे."