उरलेली अर्धी गोळी

वर्गाच्या खिडकीतून आत बघताना मिस्त्रीचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. खिशात कागदात गुंडाळलेली अर्धी गोळी होती. दुसरी अर्धी सकाळी लेकीच्या पोटात गेली होती, आणि तिच्या आईला याचा पत्ता नव्हता.

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. धागा ताणला जात असेल तर स्क्रू किंचित सैल करायचा, इतकं साधं काम. नवं औषध सुरू झाल्यापासून मुलीला एकदाही फिट आली नव्हती. पण घरात जिला सगळे 'रेडिओ' म्हणायचे, ती पोर आता 'पेला' हा शब्द शोधत नळापाशी उभी राहायची. आज तोंडी परीक्षा होती. नापास झाली तर मैत्रिणी पुढच्या वर्गात जाणार, ही मागे राहणार. म्हणून स्क्रू सैल करावा तशी त्याने ब्लेडने गोळी कापली. एका दिवसाने काय बिघडतंय!

आता मात्र मुलीची पापणी लवली तरी त्याचा जीव खालीवर होत होता. तिने मान एकदम मागे टाकली तसा तो धावत दारात आला. ती नुसती पंख्याकडे बघत होती.

"अहो, बाहेर थांबा बरं," बाई म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, "हं, पाण्याची वाफ होते, त्याला काय म्हणतात?"

मुलीचे ओठ हलले. तिला उत्तर येत होतं. कालच तिने बापाला ते समजावून सांगितलं होतं, अडखळत का होईना.

"सांग ना गं... बरं, पुढची."

पुढचीने घडाघडा सांगून टाकलं. अर्ध्या गोळीने काडीचाही फरक पडला नव्हता. त्याने नुसतं विकतचं दुखणं घेतलं होतं.

जिन्यात जाऊन त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"कापलीत? मनानेच? उरलेली आत्ता द्या. घरी न्या, लक्ष ठेवा, फिट आली तर लगेच घेऊन या. पण ती अशी मंदावलीय, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"फिट थांबली होती, डॉक्टर. आणखी काय मागायचं, म्हटलं."

"मागायचं! औषध बदलता येतं, हळूहळू. पण ते मी ठरवीन. उद्या दोघं या तिला घेऊन. आणि घरी सांगितलंय का?"

"नाही."

"सांगा."

त्याने घरी फोन करून सांगितलं. बायको म्हणाली, "पोर कशीय?"

"बरी आहे."

"तिला घेऊन या आधी. तुमच्याकडे मग बघते."

शाळेच्या नळावर त्याने मुलीला गोळी दिली. तिला सायकलवर बसवायचा धीर झाला नाही, म्हणून सायकल एका हाताने ढकलत, दुसऱ्या हाताने तिचा हात घट्ट धरून तो चालू लागला. कोपऱ्यावर ती थांबली. त्याने झटकन वाकून तिच्या डोळ्यांत बघितलं.

"बाष्पीभवन," ती म्हणाली.

त्याने सायकल स्टँडवर लावली. "बरोबर," तो म्हणाला.

"आणखी एक विचारा ना, बाबा."

घरी बोलणी खायची होती, ती कुठे पळून जात नव्हती. त्याने विचारलं, आणि सीटवर हात टेकून तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.