वाकडा ओरखडा

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यात नीरजाच्या घरी नळ फक्त सोमवारी यायचा. तिच्या कर्करोगाच्या पेशी मात्र इनक्युबेटरमध्ये दमट हवा खात मजेत वाढत होत्या.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं ती एका जनुकाच्या मागे होती. हे जनुक पेशीच्या अंगावर रिसेप्टर बसवतं. बाहेरून ‘चल’ असा निरोप आला की रिसेप्टर तो पकडतो आणि पेशी सरपटू लागते. कर्करोगाच्या पेशीवर हे रिसेप्टर उदंड, म्हणून ती मूळ गाठ सोडून शरीरभर बिऱ्हाडं थाटते.

“चिकलठाण्याच्या प्लॉटिंगवानी,” प्रयोगशाळा सांभाळणारे कडुबामामा म्हणाले होते. मामा स्वतः आपलं गाव सोयगाव सोडून शहराच्या कडेला बजाजनगरात आलेले. विषय त्यांना चटकन कळला.

सोमवारी नीरजानं दोन डिश घेतल्या. एकीत जनुक चालू, दुसरीत बंद केलेलं. दोन्हींत पेशींच्या थरावर ओरखडा ओढायचा. जनुक चालू असेल तर पेशी सरकून तो भरतात, बंद असेल तर बसून राहतात. ‘बंद’चा ओरखडा सुरेख सरळ आला. ‘चालू’च्या वेळी आईचा फोन वाजला, म्हणजे नळ आला. हात हलला, ओरखडा वाकडा.

मंगळवारी दुपारी बघते तर ‘चालू’ लिहिलेल्या झाकणाखालचा ओरखडा उघडा, ‘बंद’खालचा भरलेला. तीन वर्षं उताणी. तीन वाजता तिचे मार्गदर्शक बद्रीनाथसर निकाल बघणार होते. उलटा निघाला तर विषय बदलायचा, असं ठरलेलं.

“मामा, सकाळी डिशना हात लावला?”

“नाय. हवा दमट राहावी म्हणून इनक्युबेटरच्या ट्रेत पाणी घातलं. झाकणं तेवढी उचलून पाहिली, किती उरलंय म्हणून.”

“दोन्ही?”

“झाकलेलं भांडं दिसलं की पाहावंच लागतं, ताई. आमच्याकडं टँकर आठ दिसांनी येतो.”

“आणि झाकणं परत जिथली तिथं ठेवली?”

“सारखीच तर हायती दोन्ही.”

नावं झाकणांवर होती. नीरजानं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. न भरलेला ओरखडा फूटपट्टीसारखा सरळ होता. म्हणजे भरला होता तो वाकडा.

सरांनी कालचे आणि आजचे फोटो शेजारी ठेवून पाहिले.

“नाव डिशच्या तळाला लिहितात, हे पहिल्या वर्षी शिकवतात.”

“हो सर.”

“अजून तीनदा करा. विषय राहू द्या.”

पुढच्या सोमवारी नीरजानं नावं तळाला लिहिली, फोन बंद ठेवला आणि इनक्युबेटरवर कागद चिकटवला: ‘पाणी भरपूर आहे. झाकण उघडू नये.’

मामांनी तो दोनदा वाचला.

“भरपूर?” ते म्हणाले. “हे कुणाला खरं वाटंल, ताई?”