सात-शून्यची किंमत

ओमानमधल्या सीब गावच्या रविकांत दातारांनी लेकाला शब्द दिला होता, "चिन्मय, तुला फायनल खेळवतोच." आता बाप काय मैदानात उतरणार? पण उतरला, तोही भलत्याच टीमसाठी!

कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धेत चिन्मय गोलकीपर होता, आणि त्याचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. पहिल्याच मॅचला त्यांनी तिथल्याच सहम गावच्या कॉलेजला सात-शून्यनं धुतलं. रविकांतनी पेढे वाटले. फायनलच्या दोन टीम निवडणाऱ्या कमिटीनं मात्र नाक मुरडलं. किती जिंकलात ते नंतर, आधी कुणाला हरवलंत ते बोला. सहमला काय, कुणीही हरवतं!

"म्हणजे सहम जिंकायला लागलं, की आपला विजय मोठा!" रविकांत जेवता जेवता ओरडले.

"आधी भात संपवा," त्यांची बायको विद्या म्हणाली.

दर शुक्रवारी स्वारी सहमला जाऊ लागली. तिथले किराणा दुकानदार, रत्नागिरीचे हसनभाई, त्या टीमचं सगळं बघायचे. त्यांना वाटलं, हा हेरगिरीला आलाय.

"अहो, तुमची पोरं जिंकली पाहिजेत!"

"आमाला पन तेच वाटता. पन पोरा धावत नाय ना!"

रविकांतनी धाववली. विद्यानं चिन्मयसाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यासकट सहमला गेले. फुटबॉलमधलं त्यांना कळत होतं एवढंच, की गोलकीपर डावीकडे उशिरा झेपावतो. जन्मात एकच गोलकीपर त्यांनी जवळून पाहिला होता, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. डावीकडे मारायचं, तेवढंच त्यांनी पोरांकडून घोटून घेतलं.

आणि सहम जिंकायला लागलं की हो! प्रत्येक गोलला रविकांत घरात नाचायचे. कमिटी हबकली. एवढ्या तगड्या टीमला सात-शून्य? चिन्मयचं कॉलेज फायनलला! आणि दुसरी टीम सहम, कारण बिचारे सुरुवातीलाच एवढ्या तगड्या टीमकडून हरले होते. घ्या!

फायनलला हसनभाईंनी चहाचा कप पुढे केला, म्हणून रविकांत सवयीनं त्यांच्याच शेजारी टेकले. मॅच संपत आली तरी शून्य-शून्य. तेवढ्यात सहमच्या पोरानं बॉल मारला, थेट गोलकीपरच्या डावीकडे. चिन्मय झेपावला, पण उशिरा.

"यल्ला, चल रे! सांगितलं होतं ना, डावीकडे!" रविकांतनी उडी मारून हसनभाईंना मिठी मारली.

मग त्यांना समोरच्या बाजूला बसलेली विद्या दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती. रविकांतनी मिठी सोडली.

शिट्टी झाल्यावर चिन्मय धुळीनं माखलेला तसाच त्यांच्यासमोर आला.

"बाबा, लेफ्टचं त्यांना तुम्ही सांगितलं?"

"पण बाळा, फायनल खेळवली ना तुला?"

चिन्मयनं हातमोजे काढून त्यांच्या हातात दिले.

"हो," तो म्हणाला. "मला खेळवलं. त्यांना जिंकवलं."