सपाट भरायचा चमचा

मी एक जुना मापाचा चमचा आहे. औषधी पानांच्या चूर्णाच्या बरणीत मिळतो ना, तोच पांढरा, बुटका, प्लॅस्टिकचा. माझं काम आधीच ठरलेलं होतं. रोज एकदा, सपाट भरायचं, बस्स. बरणीवर तसं छापलंही होतं, पण इतकं बारीक की मुंगीनेही चष्मा मागितला असता.

मित्रांनो, मी एका शिंपीणबाईंच्या हाती आलो. दिवसभर उभ्याने कापड बेतून त्यांचे गुडघे ठणकायचे. मापात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बेतताना त्या शिवणीसाठी बोटभर कापड जास्तच सोडायच्या. कमी पडलं तर कपडा वाया, जास्त असलेलं कुठे जातं, असं त्यांचं म्हणणं. तीच सवय त्यांनी मला लावली. सकाळ-संध्याकाळ मला शिगोशीग भरायच्या. गुडघे जरा हलके झाले आणि माझं काय ते कौतुक! त्यांची धाकटी बहीण मला धुऊन मऊ फडक्याने पुसायची. मीही फुगलो, मूर्ख कुठला.

पुढे बाईंची भूक गेली, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"एकही नाही."

खोटं नव्हत्या बोलत हो. झाडपाल्याला औषध म्हणतात, हे त्यांच्या मनातच नव्हतं. मी तेव्हा बहिणीच्या मांडीवरच्या पिशवीत, त्याच बरणीत होतो. जीव नुसता तडफडत होता, पण बोलणार कसा?

त्यांना दवाखान्यात ठेवलं. तिथेही बहीण मला गुपचूप शिगोशीग भरून चूर्ण पाजत राहिली, ताई लवकर बरी व्हावी म्हणून. नर्सने पकडलं तोवर यकृताची पार वाट लागली होती. बाई गेल्या. मशीनवर एक बाही अर्धी शिवलेली राहिली.

मग बरणी तपासणीला गेली. प्रयोगशाळेतल्या बाईंना चूर्णात एका रानटी रोपाची पानं सापडली, खुडताना मिसळलेली. त्यांचं विष यकृत पोखरतं. या तपासणाऱ्या बाईंनी मला पट्टीने सपाट करून तोललं, मग शिगोशीग भरून तोललं. बहीण अहवाल घ्यायला आली तेव्हा त्यांनी समजावलं की ताईंच्या पोटात मर्यादेच्या कितीतरी पलीकडे विष गेलं. सपाट चमच्यातही ते आहेच, फक्त धोका जरा कमी.

बहिणीने डोळे पुसले. "तो चमचा परत द्याल? घरी एक बरणी न उघडलेली आहे. माझेही गुडघे दुखतात. मी सपाटच भरीन."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिला खाली बसवलं, पुन्हा सगळं सांगितलं, हात जोडले. मला मात्र तिच्या हाती दिलं नाही.

"असू दे, घरी चमचे आहेत," म्हणत ती जिना उतरली.

मित्रांनो, डॉक्टरांनी विचारलं तर पुडी, काढा, चूर्ण, काही म्हणजे काही लपवू नका. आणि तुमच्या ओळखीत गुडघे दुखणारी, नुकतीच बहीण गेलेली कुणी असेल, तर आजच तिच्या घरी जा. मला प्रयोगशाळेच्या या कपाटातून हलता येत नाही.