हुकमाची दुर्बीण

"वर," साईनाथ माइकमध्ये म्हणाला. मोटर घुरघुरली आणि कॉलेजच्या गच्चीवर ठेवलेल्या दुर्बिणीचं तोंड आभाळाकडे उचललं गेलं. "थांब." ती थांबली.

"झकास," कमळाकर सर म्हणाले. मार्गदर्शक म्हणून प्रोजेक्टवर त्यांचं नाव होतं. वर्षभरात त्यांनी दुर्बिणीला हात लावला असेल तर तो फोटोपुरता. "संध्याकाळी उद्घाटनाला शेठ बोलतील, तेव्हाही अशीच फिरली पाहिजे."

"नाय फिरणार सर. ती माझाच आवाज ओळखते. शेठचा शिकवायला लागेल. एकेक शब्द चार-पाच वेळा माइकमधी बोलले, की झालं."

साईनाथने शेठना अंगठे धरून उभं राहायला सांगितल्यासारखं सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"शेठ यंत्रापुढे पाढे म्हणणार? बटणं लाव. खिशात ठेव. ते बोलतील तसं दाबायचं."

साईनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भगीरथशेठ वीटभट्ट्यांवर मोठे झालेले. मुरबाडात जमिनी घेता घेता एका जमिनीवर इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं आणि शेठ बसल्या जागी शिक्षणमहर्षी झाले. त्यांच्यामागे पाण्याची बाटली आणि पानाचा डबा घेऊन फिरणारा धाऊ हा साईनाथचा बाप. शेठ खाकरले तरी तो ताडकन उठायचा. साईनाथला त्याची किळस यायची. बापाची किळस येते याची लाजही वाटायची, पण किळस काही जायची नाही. आपण कुणापुढे असं उठायचं नाही, एवढ्यासाठी तो शिकत होता.

"मी नाय लावणार," तो म्हणाला.

"मग सहीला माझ्याकडे येऊ नकोस. बस वर्षभर घरी."

त्याने बटणं लावली. तेवढ्या वेळात शेठचा आवाज सहज शिकवून झाला असता.

संध्याकाळी पाहुणे जमले. पश्चिमेला चंद्राची कोर होती, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेठनी टोपी सारखी केली, फोटोवाला तयार आहे ना ते पाहिलं, आणि प्रचारसभेतल्यासारखं माइकवर ओरडले, "वर!"

साईनाथचा अंगठा खिशात दबला. दुर्बीण वर गेली. टाळ्या पडल्या.

"डावीकडे!"

ती डावीकडे वळली.

"शेठचा शबूद यंत्र पन मोडीत नाय," पुढच्या खुर्चीतला संस्थेचा एक सदस्य शेजाऱ्याला म्हणाला. कमळाकर सर नारळ फोडल्यासारखे कृतार्थ दिसत होते. शेठनी दुर्बिणीला डोळा लावून "वा!" म्हटलं, तेव्हा चंद्र तिच्यापासून हातभर बाजूला होता. सगळी मूर्खांची जत्रा, साईनाथ मनात म्हणाला, आणि हे ध्यान त्या जत्रेचा देव.

शेठ पुन्हा माइकसमोर उभे राहिले. या वेळी त्यांनी तोंड उघडलंच नाही. नुसतं बोट जरासं उजवीकडे हलवलं.

दुर्बीण उजवीकडे वळली.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही, टाळ्या पडल्याच. शेठनी आधी साईनाथच्या खिशाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि हसले. त्यांना कसलंच नवल वाटलेलं नव्हतं.

"धाऊ," मागे न बघता ते म्हणाले, "पोरगा तुझ्यावर गेला रे. तोंडानं सांगायला लागत नाय."

"तुमचीच किरपा, शेठ," धाऊ म्हणाला. आनंदाने त्याचा चेहरा फुलून आला होता. पानाचा डबा काखेत धरून तो पुढे आला आणि सगळ्यांदेखत त्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

बटणावरचा अंगठा काढायचं साईनाथला सुचलं नाही. दुर्बीण उजवीकडे वळतच राहिली.