मॉरिशसची पोपटी

खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या दुकानात वालाच्या शेंगा निवडता निवडता हर्षलाला कळलं, की मॉरिशसला तिचा धाकटा भाऊ धनेश जाणार, ती नाही. शेंगांचं सूप तिने असं आपटलं, की मडक्यांना जाळ लावणारा कमलेश बाहेरून धावत आला.

दुकान मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या पोपटीचं, आणि पाटीवरचं 'सोनुबाईची पोपटी' हे नाव आईचं. पण हायवेवर फ्रँचायझी निघाल्या त्या हर्षलाच्या हातावर. नवं दुकान घेणाऱ्या प्रत्येकाला मडकं भरायला तिनेच शिकवलं होतं. मॉरिशसच्या एका मराठी व्यापाऱ्याने फ्रँचायझी मागितली, शिकवायला एक माणूस धाडा म्हणाला, तेव्हा तिने पासपोर्टसुद्धा काढून ठेवला. आणि आता हा आयत्या बिळावरचा नागोबा विमानात बसणार!

"जाळ बाप्याच लावतो गं," सोनुबाई म्हणाली. "बायकांनी भरायचं, बाप्यांनी भाजायचं. रीतच हाय आपली. तिकडं जाळच तर दाखवायचाय."

"आणि भरणार कोण? यानं जन्मात एक मडकं भरलं नाय!"

"त्यात काय हाय ताई? शेंगा, बटाटे, मीठ, ओवा. ठासायचं नि लावायचं," धनेश हसला.

"ठास मग! तोंडघशी पडलास तर मला फोन करू नको."

तो गेला. भावाचं वाईट चिंतू नये हे हर्षलाला ठाऊक होतं. तरी ती चिंतत होती, अगदी मनापासून.

उद्घाटनाच्या संध्याकाळी धनेशने व्हिडिओ कॉल लावला. मायलेकी फोनवर वाकल्या. मडक्यात शेंगांखाली-वर घालायचा वासाचा भांबुर्ड्याचा पाला तिकडे न्यायला परवानगी नव्हती, म्हणून केळीची पानं लावली होती. शेंगा धुऊन तशाच ओल्या भरल्याचं त्यानेच कौतुकाने सांगितलं. पोपटीत पाण्याचा थेंब चालत नाही, हे खोपोलीत शेंबडं पोरही सांगेल. त्यात मडकं इतकं ठासलेलं, की शेंगांचा चिखल झाला होता आणि मधले बटाटे कच्चेच. तिथल्याच एका म्हाताऱ्या मराठी बाईने बटाटा चावला तर कर्रकन वाजला.

"मेला! वाट लावली!" हर्षला म्हणाली. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला?

आणि टाळ्या पडल्या. म्हातारीने डोळे पुसले. माझी आजी सांगायची ती हीच, म्हणाली. म्हातारीने तरी खरी पोपटी कधी खाल्ली होती?

"ताई, अजून दोन दुकानं मागतायत!" धनेश ओरडला.

सोनुबाईने फोन ओढून घेतला. "कच्ची हाय रं ती! माझं नाव हाय त्याच्यावर."

"असू दे गं आई. हितं कुणाला कळतंय?" त्याने फोन ठेवला.

हर्षलाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्यावाचून अडेल, या एका आशेवर ती इतके दिवस दात खाऊन बसली होती. कुणाचं काही अडलं नव्हतं.

"पुढच्या बारीला तुलाच धाडू," सोनुबाई हलकेच म्हणाली.

"कशाला? कच्ची खपवायला मी लागत नाय."

ती बाहेर आली. तिने भरलेली मडकी अंगणात उपडी मांडली होती, भोवती पेंढा रचला होता. कमलेश पेटता चूड घेऊन वाकत होता. तिने तो त्याच्या हातातून हिसकावला. सोनुबाईने दारातून तोंड उघडलं.

"रीत सांगू नको, आई," हर्षला म्हणाली. "तुझी रीत कच्ची निघाली, आताच बघितलंस."

आणि तिने जाळ लावला.